जस्ताची माळ

चांद्याचा माळ
२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. सात वेळा लावला. सातही वेळा ती गोड गळ्याची बाई बोलली. तिच्याशी मला काय बोलायचंय? तिचा शेंबूड मी पुसलेला न्हाई, तुझा पुसलाय.

म्हणून कागद घेतला. तिसरीतनं शाळा सोडलेल्या बाईनं लिहिलंय, लाल पेन घेऊन बसू नको.

सोने, दिवाळीला तू आली न्हाईस. जांब्यापासून चांद्याला यायला काय विमान लागतं? शेजारची सारजी विचारत होती, "काय गं तुके, नात दिसली न्हाई वर्षभर, परस्पर लगीन केलं का काय?" म्हटलं, "व्हय, तुझ्याच नवऱ्याशी."

तुझा आजा पडला. पाडव्याच्या सकाळी तोंड धुवायला उभा राहिला, डोळे मिटून पाणी मारलं आणि उभ्याचा आडवा. कशाला अडखळला न्हाई, घसरला न्हाई. डोळे उघडे असले की चालतो, तेही पावलांकडं बघत बघत, जशी काय ती दुसऱ्याची हायेत आणि मालक मागायला येणार हाय. डोळे मिटले की पाय कुटं हायेत ते त्याला कळतच न्हाई. ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात कळप नेणारा माणूस आता न्हाणीपर्यंत भिंत धरून जातो.

तोंडावरचा रंगही उतरलाय. पौडच्या डाक्टरानं रक्त तपासलं, साडेसहा निघालं. रक्तवाढीच्या गोळ्या आठ महिने खातोय आणि रक्त वाढायचं सोडून उतरतंय. डाक्टर म्हणाला, पुण्याला न्या, माझ्या हातातलं न्हाई.

बीपीची गोळी चालू हाय. खाणं व्यवस्थित हाय. बाकी सगळं माझ्या हातात हाय, वेळेवर हाय, एक दिवस चुकलेला न्हाई.

गाव म्हणतं, गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू आज्याला ज्या चार गोळ्या चारल्यास त्यानंच त्याचे पाय गेले. मी म्हणत न्हाई, गाव म्हणतं. गावाच्या तोंडाला मी काय टाके घालू?

तुझा बाप जालिंदर लवाशात रिकाम्या इमारतींची राखण करतोय, रविवारचा येतो. पुण्याला मीच नेणार. तू औषधाच्या दुकानात उभी असतेस, तुझी ओळख असेल कुटं. मागत न्हाई. सांगते.

तुकाबाई


पुणे, दवाखाना, तिसरा मजला
६ नोव्हेंबर, गुरुवार

उत्तर आलं न्हाई. पोस्टमन मेला असं धरून चालते.

हितं एक डाक्टरीण हाय, गौतमी म्हणतात तिला. तुझ्याच वयाची, केस असे आवळून बांधलेले जसं काय आता कुणाशी कुस्ती धरायची हाय. आज्याच्या तळपायाला सुई टोचून विचारते, "बाबा, कळतंय का?" तो म्हणतो, "कळतंय की." ती टोचायची थांबली तरी म्हणतो, "कळतंय की." तिनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

मग विचारलं, "आजी, बाबांना कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या सांगा. टॉनिक, काढा, कॅल्शियम, झिंक, काहीही."

म्हटलं, "बीपीची आणि रक्तवाढीची."

"आणखी?"

"आणखी काय. गरिबाला आणखी काय असतंय?"

तिनं लिहून घेतलं. शिकलेल्या माणसाला एक बरं असतं, लिहून घेतलं की खरं वाटतं.

तुला खोटं सांगून उपयोग न्हाई, तू मोजलंयस. बटव्यात झिंकची, म्हणजे जस्ताची, पाकिटं घेऊनच आले हाय. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. नर्स चहाला गेली की देते. पायाला जस्त चांगलं, हे मला कुणी शिकवायला नको. आता पायच निघालेत तर जस्त बंद करू?

आणि मला सुरुवात कुणी करून दिली? आठव.

येत्या माघात तीन वर्षं होतील. प्लॉटिंगवाल्यांच्या काटेरी तारेनं त्याचा घोटा फाटला. पौडच्या डाक्टरानं जंतू मारायच्या कॅप्सूल दिल्या, आणि जखम भरायला झिंकची गोळी, रोज एक, महिनाभर. मी कसं दिलं? सगळं एका मुठीत, वर पेलाभर दूध. दुधानं ताकद येती असं आमी समजतो. पंधरा दिवस झाले, जखम आ वासून बसलेली. तू परीक्षा देऊन आलीस आणि कपाळाला हात लावलास.

"आज्जे, ही कॅप्सूल दुधात आणि झिंकमध्ये अडकून बसती. रक्तात जातच न्हाई. पंधरा दिवस तू आज्याला नुसतं दूध पाजलंस."

मग तू लावून दिलंस. डाक्टराकडनं नव्यानं कॅप्सूल आणल्या. कॅप्सूल सकाळी साध्या पाण्याबरोबर, झिंक दुपारनंतर, दोन्हीत चांगलं अंतर. तीन आठवड्यांत जखम मिटली. आजा गावभर सांगत फिरला, माझी नात डाक्टर हाय. तू फुगलीस. फुगलीस का न्हाई? रोज चुलीपुढं बसून मला शाळा शिकवायचीस.

"आज्जे, बाजरीत न् कडधान्यात असं काहीतरी असतं, ते झिंकला धरून ठेवतं, अंगी लागू देत न्हाई."

आमी दोन्ही वेळ बाजरीच खातो.

"आणि आज्याची बीपीची गोळी हाय ना, त्या जातीच्या गोळीनं झिंक लघवीवाटे निघून जातं."

भाकरी मोडत मोडत, हसत हसत बोलत होतीस. मी ऐकत होते. एक गोळी बाजरी खाती, एक मुतावाटे जाती, मग म्हाताऱ्याच्या अंगाला काय लागलं? म्हणून महिना संपल्यावर बंद करायच्या जागी दोन केल्या. पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा तीन. उपाशीपोटी दिल्या, बाजरीची गाठ पडायला नको म्हणून. त्याला मळमळायचं. मी म्हणायचे, लागू पडतंय.

रक्तवाढीची सुरू झाली तेव्हा किशोर मेडिकलवाला म्हणाला, "आजी, ही आणि झिंक एका वेळी देऊ नका, एकमेकींच्या आड येतात." तर त्यांच्यातही अंतर ठेवलं. मोबाईलमध्ये गजर लावून घेतला त्याच्याकडनं. एवढी काळजी हितं तिसऱ्या मजल्यावर कुणी घेत न्हाई. त्या किशोरनं मात्र एकदा विचारलं न्हाई, की महिन्याची गोळी अजून कशी संपत न्हाई.

तर मी जे केलं ते तुझ्या शिकवण्यातनं केलं. डाक्टरीण उद्या परत विचारणार. मी परत न्हाई म्हणणार.

तुकाबाई


चांद्याचा माळ
२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

दवाखान्यातनं आठवड्यानं घरी पाठवलं. जीवनसत्त्वाच्या सुया दिल्या, महिन्यानं या म्हणाले. कारण सापडलं न्हाई. कसं सापडंल?

आज सणाचा दिवस, तुला शिव्या द्यायच्या न्हाईत असं ठरवून बसले होते. आता ताकदच न्हाई.

तळी उचलायला पाच जण लागतात. चार उभे होते. आज्याला पाटावर बसवला, ताम्हणाची एक कड त्याच्या हातात दिली. येळकोट झाला, भंडारा उधळला. मग सगळे रोडगा आणि भरीत खायला वळले. वांगी भाजलेले निखारे तितंच बाजूला ओढून ठेवले होते. मला वास आला. मेंढीचं खूर डागताना येतो तसा. म्हटलं, एखादं वांगं राहिलं आत. बघते तर तुझ्या आज्याची टाच निखाऱ्यावर. आणि तो सारजीच्या नवऱ्याशी हसत बोलतोय.

मी ओरडले, "अहो, पाय!"

तो म्हणाला, "कुणाचा?"

तोच पाय, सोने. तू आणि मी बरा केलेला.

जालिंदरनं पाणी ओतलं, हळद लावली. मी उठून मागं गेले, करडांच्या खोप्याजवळ. तितं माळ हाय. झिंकच्या रिकाम्या पाकिटांची, घार येऊ नये म्हणून बांधलेली. ऊन पडलं की चांदीसारखी लखलखते. तीन वर्षांत एक करडू गेलं न्हाई. गेल्या दिवाळीत तू ह्याच माळेपाशी उभी राहिलीस आणि बोट लावून मोजायला लागलीस. एकशे अठरा.

"आज्जे, ह्या सगळ्या आज्यानं खाल्ल्या?"

"मग काय मी खाल्ल्या?"

तुझं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, किमतीकडं बघतीस.

दुसऱ्या दिवशी तू झिंकची पाकिटं लपवलीस आणि त्याला दुसरीच गोळी द्यायला लागलीस. चार दिवस. पाचव्या दिवशी मी विचारलं, कसली? तू म्हणालीस, तांब्याची. झिंकनं त्याच्या अंगातलं तांबं संपवलंय म्हणालीस.

तुला तो पावसाळा आठवतो का, तू सातवीत होतीस. चिखलानं कळपाचे खूर सडले होते. मोरचुदाचं निळं पाणी करून मेंढरं त्यातनं चालवायची, ही जुनी रीत. त्या दिवशी पाणी ओतून द्यायचं राहिलं. कुणाचं राहिलं ते लिहीत न्हाई. मेंढरं प्याली. डोळे हळदीसारखे पिवळे, मूत काताच्या रंगाचं. नऊ गेली. जनावरांचा डाक्टर म्हणाला, मोरचूद म्हणजे तांबं; म्हशीला सोसतं तेवढं तांबं मेंढीला मारतं. खुरांना आजपासून जस्ताचं पाणी वापरा. जस्तानं खूर सुधारले, एकही दगावली न्हाई.

तेव्हापासून ह्या घरात एक धातू तारणारा हाय आणि एक मारणारा. कॉलेजात काय लिहिलंय ते मला ठाऊक न्हाई, मी नऊ मेंढ्या पुरल्यात.

म्हणून तू तांबं म्हणालीस आणि मी तुझ्या हातातलं पाकीट घेऊन चुलीत टाकलं. म्हटलं, आज्याला मारायला निघालीस व्हय गं. मग अंगणात जाऊन तेच परत म्हटलं, सारजीला ऐकू जाईल असं. गाव म्हणतं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. गाव म्हणजे मी.

जालिंदरनं तुझ्या कानाखाली मारली. तू माझ्याकडं बघितलंस. मी चुलीकडं बघत होते. गोळी हिरवट जळत होती. मला वाटलं, बघा, विषच.

आज दुपारचा गजर वाजला. गोळी हातात घेऊन उभी राहिले, दिली न्हाई. विसरले म्हणून न्हाई.

त्या तांब्याच्या गोळीचं नाव काय होतं? तेवढं लिही. दुसरं काही लिहू नको.

तुकाबाई


पुणे, दवाखाना
८ डिसेंबर, सोमवार

तुझा कागद आला. नमस्कार न्हाई, सही न्हाई. "माळ काढ आणि डॉक्टरांना दाखव. आजच." एवढंच. माझ्यावर गेलीस.

त्याच दिवशी माळ काढली. खताच्या पोत्यात भरली, आज्याला गाडीत घातलं, निघालो. बुधवारी दुपारी त्याला फोटो काढायला खाली नेलं तेव्हा डाक्टरिणीला म्हटलं, हितं या, आणि पोतं पलंगावर उपडं केलं. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बघायला लागली. काहींना वाटलं, मी तोरण विकायला आणलंय.

तिनं मोजली. दोनशे एकोणीस. वाऱ्यानं गेलेली वेगळी.

"आजी, ह्यातली शेवटची गोळी कधी दिलीत?"

"चंपाषष्ठीच्या सकाळी."

"आणि मागच्या खेपेला, इथं, ॲडमिट असताना?"

"तेव्हाही."

मला वाटलं, ही आता ओरडणार. ओरडली असती तर मीही दोन सुनावल्या असत्या. तिनं स्टूल ओढलं आणि मला बसायला दिलं. तेव्हाच मला कळलं की लई वाईट हाय.

रक्त परत घेतलं, काल त्याचा कागद आला. तांबं जवळजवळ न्हाईच, जस्त नको तेवढं. तिनं समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. पोटात जस्ताचा मारा रोज झाला की आतडं तांब्याला धरून ठेवतं, रक्तात सोडत न्हाई, आणि ते परसाकडंवाटे बाहेर. तांब्याशिवाय रक्त नीट बनत न्हाई, मग लोह कितीही घाला. आणि नसांचं आवरण झिजतं, पाठीच्या कण्यातनं खाली. म्हणून पाय. म्हटलं, मेंढीला तर तांब्यानंच मरण येतं. ती म्हणाली, "मेंढीला जास्त झालं तर. माणसाला अजिबात मिळालं नाही तर हे असं."

म्हटलं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजू का? घरात तांब्या हाय पण तोही स्टीलचा. ती हसली न्हाई. म्हणाली, "भांड्यानं भागणार नाही, आधी शिरेतून देऊ, मग गोळ्या. झिंकचा कणही नको."

विचारलं, पाय?

"रक्त भरून येईल, महिना-दीड महिन्यात. पाय जिथं आहेत तिथं थांबतील. थोडे परत येतीलही. सांगता येत नाही."

म्हटलं, गेल्या दिवाळीत तांबं सुरू केलं असतं तर?

तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं, लावलं. मग शेजारच्या खाटेकडं गेली.

सोने, तू मला निम्मंच शिकवलंस. जस्ताला काय काय खातं ते सगळं सांगितलंस, जस्त कुणाला खातं ते न्हाई. तेव्हा तुलाही ठाऊक नसंल. मग ठाऊक झाल्यावर पळत आलीस, आणि मी काय केलं ते वर लिहिलंय. तुझं निम्मं हे एवढं हाय, ते तू उचल. माझं मी उचलते. वाटणी बरोबरीची न्हाई, तेही मला समजतं.

तुकाबाई


चांद्याचा माळ
१८ जानेवारी २०२६, रविवार

ह्या खेपेला पोस्ट न्हाई. हे घेऊन तुझा बाप येतोय. तुझ्या दारात उभा राहील. आत घ्यायचं का न्हाई ते तू बघ, मी असते तर घेतलं नसतं.

रक्त दहावर आलं. तोंडावर रंग आला. पाय तिथंच हायेत, पण थांबले होते. डिसेंबर संपताना घरी आणला तेव्हा काठी घेऊन खोप्यापर्यंत जायला लागला होता. मी गजर बदलून घेतला, रोज सकाळी तांब्याची गोळी. कसली ते त्याला सांगितलं न्हाई. तो माझ्या हातचं न विचारता खातो. तीच तर रड हाय.

संक्रांतीला सारजी तिळगूळ घेऊन आली. मी त्याला गोळी देतच होते. तिनं विचारलं, "ही आता कसली गं?" माझ्या तोंडातनं निघून गेलं, तांब्याची. सारजी म्हणाली, "अगं बाई! मागं सोनीनं दिलेली, तीच?"

आज्यानं गोळी थुंकली. करडाच्या अंगावर पडली.

"चार गोळ्यांत पाय गेले," म्हणाला, "आता हातपण घालवतीस व्हय?"

मी सारजीला हाकलली. दार लावलं. त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. म्हटलं, तिच्या गोळ्यांनी काही झालेलं न्हाई. पाय मी घालवले. माझ्या झिंकनं. मी गावात खोटं पसरवलं. पन्नास वर्षांत त्याच्यासमोर मी एवढं नरम बोललेली न्हाई.

तो हसला, सोने. मला म्हणाला, "नातीला वाचवायला स्वतःवर घेतीस? घे, घे. जन्मात पहिल्यांदा कुणाची बाजू घेतलीस." मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणाला, "तू न्हाईतर कुणी केलं असतं माझं एवढं. गजर लावून. पोरीला सांग, मी रागावलेलो न्हाई. शिकत होती, चुकली."

तुला माफ केलंय त्यानं. जे तू केलंच न्हाईस त्याबद्दल.

डाक्टरिणीचं सांगितलं, तर म्हणतो, डाक्टर चुकत न्हाईत का. जालिंदरनं सांगितलं, तर म्हणतो, तुला तुझ्या आईनं पढवलंय. चार दिवस झाले, एक गोळी पोटात गेलेली न्हाई. भाकरीत मळून दिली, ती त्यानं ओळखून कुत्र्याला टाकली. काल करडू धरायला गेला, ते हातातनं सुटून पळालं, आणि हा मूठ तशीच धरून बसला. त्याला कळलंच न्हाई की मूठ रिकामी हाय. मुंग्या मनगटापर्यंत आल्यात. डाक्टरीण फोनवर म्हणाली, तांबं परत उतरलं तर जे वाचलंय तेही जाईल.

आता शेवटचं. हे न लिहिता भागलं असतं तर लिहिलं नसतं.

गेल्या वर्षी जाताना तू त्याच्या बंडीच्या खिशात चिठ्ठी ठेवली होतीस. त्याला अक्षर येत न्हाई, त्यानं माझ्याकडं दिली. म्हणाला, वाच. तू लिहिलं होतंस, "आज्या, झिंकची गोळी खाऊ नको. आज्जीनं दिलीच तर तोंडात धर आणि बाहेर जाऊन थुंक. मी पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेते. तुझे पाय वाचतील." मी वाचलं, "आज्या, मला नोकरी लागली, जाते, जपून राहा." तो म्हणाला, "एवढंच? कागद तर भरलेला दिसतोय." म्हटलं, तिचं अक्षर मोठं हाय.

चिठ्ठी चुलीत गेली. तू वेळ घेतली असशील, वाट बघितली असशील, कुणी आलं न्हाई म्हणून नंबर बंद केला असशील. मी विचारत न्हाई, मला समजलंय.

तोंडचं तो कुणाचंच मानत न्हाई, पण कागदावरचं मानतो. जमिनीचा माणूस हाय, कागदाला भितो. म्हणून तीच चिठ्ठी परत लिही. पहिल्यापासनं लिही. तार, घोटा, दूध, एकाच्या दोन गोळ्या, दोनाच्या तीन. तुला मोजता आल्या त्या एकशे अठरा आणि नंतरच्याही. तुझ्या चार गोळ्या कशाच्या होत्या आणि त्या कुठं गेल्या. आजी लिहू नको, तुकाबाई लिही, म्हणजे त्याला दुसरी कुणी वाटणार न्हाई. तुझं निम्मं घालायचं का न्हाई ते तू ठरव. माझं एक अक्षर गाळू नको. खाली लिही की रोज सकाळची गोळी आज्यानं गिळायची हाय, तुझा हुकूम म्हणून.

वाचणार जालिंदर. ज्या हातानं तुला मारलं त्याच हातात कागद धरून, मोठ्यानं, एकही ओळ न सोडता. मी समोर बसणार. माळ मी दवाखान्यातनं परत आणलीय, ती आज्याच्या मांडीवर ठेवणार. मी वाचणार न्हाई. मी वाचलं तर परत तुझं अक्षर मोठं व्हायचं.

यायचं का न्हाई ते बघ. मी बोलवत न्हाई, तेवढं तोंड मला न्हाई.

जालिंदरला सांगून ठेवलंय, कागद हातात पडल्याशिवाय हलायचं न्हाई, मग दिवस लागो का दोन. पाकिटावर नाव घाल. लग्नापासनं मी ते कधी घेतलं न्हाई, आज लिहून देते. म्हसू बिरू कोकरे. उत्तर तू लिहायचं, दुसऱ्या कुणी न्हाई. आणि मला न्हाई, ह्यांना.